घर-अंगण : जड शेगडीला आधी भक्कम पाया



स्वातंत्र्यदिन आठवड्यावर आला की आपल्या वसाहतींतील दुकानांपुढे कोळशाच्या पिशव्यांची रास लागते आणि घरोघरच्या पत्र्याच्या शेगड्या अडगळीतून बाहेर निघतात. येथील ‘मंगाल’ आणि आपला ‘मंगल’ यांचे कूळ एक नव्हे. पहिला शब्द तुर्की-अरबी वाटेने हिब्रूत आला, दुसरा संस्कृताच्या घरचा. तथापि आपल्या मंडळींनी या दोघांची सोयरीक फार पूर्वीच जुळवून टाकली आहे, आणि हिरव्या मसाल्यात मुरविलेली कोंबडी निखाऱ्यांवर चढली म्हणजे ती सोयरीक कोणास खटकतही नाही.

अलीकडे मात्र या पत्र्याच्या शेगडीच्या जागी काही अंगणांत एक नवी पाहुणी येऊन बसली आहे. आकार आपल्या रांजणासारखा, अंग जाड भाजक्या मातीचे, वरून चकचकीत झिलई, आणि माथ्यावर बिजागरीने उघडणारे घुमटासारखे झाकण. तिला ‘कामादो’ म्हणतात. बहुधा मुलगा किंवा जावई ती मोठ्या हौसेने घेऊन येतो. तिच्यावर काय भाजावे, किती वेळ भाजावे, याविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ती उभी कोठे करावी व कशावर करावी, हे विचारणारा विरळा. आजचा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

‘कामादो’ हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ चूल असाच आहे. जपानी घरातील जुनी कामादो म्हणजे मातीने बांधून काढलेली, जमिनीशी एकजीव झालेली चूल. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडील आपल्या वाडवडिलांच्या स्वयंपाकघरातील मातीची चूल जशी सारवून जमिनीत बसविलेली असे, तशीच. अशी चूल पडत नसे, कारण ती जमिनीचाच भाग होती. पुढे भात शिजविण्याची सुटी, गोल मातीची भट्टी जपानात वापरात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी ती पाहिली व काहींनी मायदेशी नेली. १९७४ साली अटलांटा शहरात ‘बिग ग्रीन एग’ हा व्यवसाय सुरू झाला आणि साध्या मातीऐवजी अधिक टणक सिरॅमिक वापरून या शेगड्या जगभर जाऊ लागल्या. सांगावयाचे ते इतकेच, की या प्रवासात चूल जमिनीपासून सुटली, चार पायांवर चढली आणि शेवटी तिला चाके लागली. वजन मात्र चुलीचेच राहिले. तिच्यापासून संभवणारे बहुतेक अपघात या एका विसंगतीतून उद्भवतात.

हे वजन किती, याची कल्पना पुष्कळांस नसते. नेहमीच्या ‘मोठ्या’ आकाराची शेगडी, म्हणजे जिची जाळी सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद असते ती, नुसती ७० ते ७५ किलो भरते. त्याहून मोठी घेतली तर १०० किलोंच्या आसपास. शिवाय लोखंडी घोडी, बाजूच्या फळ्या, आतील कोळसा वेगळा. पत्र्याची शेगडी एका हाताने उचलून सावलीत नेण्याची आपणांस सवय. ही तशी उचलता येत नाही, म्हणून माणूस ती ढकलू लागतो.

ढकलण्यात काय होते ते थोडक्या गणिताने पाहू. शेगडी व घोडी मिळून ८० किलो धरा. घोडीच्या चाकांमधील अंतर सुमारे ५० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून पुढील चाकापर्यंत २५. आता मागे उभे राहून ९० सेंटिमीटर उंचीवर, झाकणाच्या कडेशी, आपण रेटा दिला आणि पुढचे चाक फरशीच्या सांध्यात अडकले. शेगडी पुढे कलंडावयास लागणारा रेटा निघतो ८० गुणिले २५ भागिले ९०, म्हणजे सुमारे २२ किलोंचा. धडधाकट माणूस जड वस्तू ढकलताना इतका जोर सहज लावतो, आणि शेगडी आधीच वेगात असली तर त्याहून कमी जोरही पुरतो. एकदा तोल गेला की ८० किलोंची, कदाचित तापलेली वस्तू हाताने सावरता येईल ही आशा नको.

अश्दोदमधील एका परिचित कुटुंबात असेच घडले. पाहुणे यावयाचे म्हणून दोघा भावांनी शेगडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लोटत नेली. वाटेत गटाराची जाळी होती. चाक जाळीत रुतले आणि शेगडी तोंडावर आली. निखारे अद्याप पेटविले नव्हते, म्हणून घुमट फुटण्यावर निभावले. नवा घुमट मागविण्याचा खर्च ऐकून थोरल्या भावाने पुन्हा पत्र्याची शेगडी काढली, असे त्यांच्या मातोश्री हसत सांगतात. त्या हसतात हे ठीक. पण मुले त्याच अंगणात खेळत होती.

तेव्हा पहिला नियम असा, की शेगडीला एक कायमची जागा द्यावी आणि चाके आहेत म्हणून तिला फिरवीत बसू नये. हलविणे भागच पडले तर ती पूर्ण थंड असताना, आतील कोळसा, जाळी व मातीचे सुटे भाग काढून, दोघांनी मिळून हलवावी. मागून ढकलू नये. घोडीला खालच्या बाजूस धरून, आपण पुढे चालत, सावकाश ओढावी. ओढणाऱ्याचा जोर खाली लागतो व वाटेतला खड्डा त्याला आधी दिसतो. उचलावयाची असल्यास हात बुडाखाली घालावेत. बिजागरी अथवा बाजूच्या फळ्या धरून उचलू नये. त्या त्यासाठी केलेल्याच नसतात.

कायमची जागा म्हणजे काय, तर घट्ट, सपाट आणि न जळणारी जमीन. यातील ‘घट्ट’ हा शब्द या देशात गावागणिक वेगळा अर्थ घेतो. किनाऱ्यालगतची वाळूमिश्रित तांबडी माती पाणी लवकर सोडते, पण चाकाखाली सरकते. बेर-शेव्हा व दिमोनाकडील बारीक पिवळसर माती कोरडी असताना दगडासारखी भासते, आणि भिजली की ढासळून बसते. बागेच्या नळाची गळती तेथे शेगडीच्या पायाखाली होऊ देऊ नये. यिज्रेल खोऱ्यातील चिकण माती हिवाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. अशा मातीवर चार फरश्या नुसत्या टाकून शेगडी ठेवली तर पहिल्या पावसाळ्यातच ती एका अंगास कलते.

म्हणून लहानसा चौथरा करावा. खर्च फारसा नाही आणि एका दिवसाचे काम आहे. लांबी-रुंदी किमान सव्वा मीटर धरावी, म्हणजे चाके कडेपासून चांगली आत राहतात. सुमारे २० सेंटिमीटर खोल खणून तळाची माती धुमसाने ठोकावी. त्यावर रस्त्याच्या कामाची बारीक-जाड मिसळीची खडी १० सेंटिमीटर, दोन थरांत, प्रत्येक थर किंचित भिजवून ठोकत भरावी. येथेच मंडळी घाई करतात. खडी एकदम ओतून वरवर ठोकली तर खालचा भाग पोकळ राहतो आणि पुढे महिन्या दोन महिन्यांनी नेमका शेगडीच्या वजनाखाली बसतो. खडीवर ४ सेंटिमीटर वाळू एकसारखी ओढून घ्यावी व तिच्यावर ६ सेंटिमीटर जाडीचे, एकमेकांत गुंतणारे सिमेंटचे ठोकळे बसवावेत. हे ठोकळे येथील पदपथांवर सर्वत्र दिसतात. कडेचे ठोकळे सिमेंटमध्ये पक्के करावेत, नाहीतर सगळा चौथरा हळूहळू बाहेर पसरतो. पाणी वाहून जाण्यापुरता मीटरमागे १ सेंटिमीटर उतार ठेवावा, तोही घराच्या भिंतीपासून दूर. पाणसळ लावून तपासावे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, कारण शेजारची भिंत किंवा कुंपण तिरपे असेल तर डोळा त्याच्याशी जुळवून घेतो.

चौथरा झाला तरी चाकांचे खटके लावण्यास विसरू नये. झाकण उघडले की घुमटाचे सारे वजन बिजागरीवरून मागे झुकते आणि शेगडीचा तोल त्या बाजूस सरकतो. म्हणून आधी खटके, मग झाकण. हा क्रम हाताला लावून घ्यावा. ज्यांना शेगडी कधीच हलवावयाची नाही त्यांनी चाके काढून टाकून साधे पाय बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडी मेजात शेगडी बसविण्याची पद्धतही आहे आणि ती दिसते फार सुरेख. तीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, मातीचे बूड लाकडाला कधीही टेकू नये. आत तासन् तास निखारे राहतात, आणि लाकूड पेटले नाही तरी दिवसेंदिवस भाजून कोळपते. एक दिवस ते न सांगता धुमसू लागते. बुडाखाली शेगडीसोबत मिळणारे पाय किंवा धातूची बैठक हवी, म्हणजे हवा खेळती राहते. आणि त्या बैठकीखालीही जाड दगडी अथवा सिमेंटची लादी घालणे उत्तम. मेजाच्या पृष्ठभागाला पाडलेले भोक शेगडीच्या अंगाला चिकटून नसावे. दुसरी गोष्ट चाकांची. मेज, शेगडी व सामान मिळून १५० किलो झाले, तर चार चाकांना ते समान वाटले जाईल असा हिशेब करू नये. जमीन किंचित उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहते आणि भार तिघांवर येतो. म्हणून प्रत्येक चाक निदान ५० किलोंचे घ्यावे. चाकाचा व्यास १० सेंटिमीटरच्या खाली नको. लहान चाक प्रत्येक सांध्यात अडकते, आणि अडकलेले चाक काय करते ते वर पाहिलेच.

आता गच्ची-सज्जाविषयी. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे इमारतींत राहतात आणि ‘मिर्पेसेत’वर कामादो ठेवता येईल का, असे विचारतात. वजनाचा प्रश्न लोक समजतात तसा नाही. ८० किलोंचा माणूस सज्जात उभा राहतोच. परंतु माणूस पाऊल टेकवतो, तर शेगडी चार इवल्याशा चाकांवर वर्षानुवर्षे त्याच जागी उभी असते. येथील घरांतून फरशी परंपरेने वाळूच्या थरावर बसविली जाते. फरशीखाली पोकळी असेल तर ती चाकाखाली तडकते आणि शेगडी कलते. चाकांखाली जाड लादी घालून भार पसरवता येईल. खरी हरकत दुसरीच आहे. वरच्या मजल्याचा सज्जा म्हणजे शेगडीवरचे छप्पर. त्यावर धूर, ठिणग्या आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. सज्जा काचेने अथवा सरकत्या झडपांनी बंद करून घेतलेला असेल तर निखारे तेथे मुळीच पेटवू नयेत. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो, आणि माणसाला झोप येत आहे असे वाटत असतानाच जीव घेतो. खिडकी किलकिली ठेवली म्हणून भागत नाही. इमारतीच्या समितीने नकार दिला तर रुसू नये. बहुतेक वेळा समितीचे म्हणणे बरोबर असते.

डोक्यावर काय आहे हेही पाहावे. उन्हासाठी ताणलेले कापड, लाकडी मांडव, द्राक्षाचा वेल, गॅसच्या टाक्यांकडे जाणारी नळी, यांच्यापासून शेगडी दूर हवी. नेमके अंतर तिच्यासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते कमी करू नये. सुक्कोथच्या दिवसांत सुक्काच्या वाळलेल्या झावळ्यांखाली किंवा तिच्या कापडी भिंतीलगत विस्तव नेणे म्हणजे आमंत्रण देऊन आग बोलावणे. कृत्रिम हिरवळीचा प्रघात अलीकडे वाढला आहे. ती प्लास्टिकची असते व एक निखारा पडला तरी वितळते, म्हणून चौथऱ्याभोवतीचा हातभर पट्टा तरी मोकळा ठेवावा.

वाऱ्याचा विचार करून तोंड ठरवावे. किनारपट्टीवर उन्हाळ्यातील दुपारी वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. शेगडीचा खालचा झरोका त्याच्या समोर आला तर वारा आत घुसून निखारे भडकावतो आणि आच हाताबाहेर जाते. झरोका आडबाजूस अथवा पूर्वेस ठेवला की आच आपल्या ताब्यात राहते. शारावचे दिवस मात्र निराळे. पूर्वेकडील कोरडा, तापलेला वारा वसंतात येतो, आणि स्वातंत्र्यदिन त्याच ऋतूत पडतो. ३० एप्रिल २०२५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस, यरुशलेमनजीकच्या टेकड्यांत वणवा पसरला, यरुशलेम-तेल अवीव महामार्ग बंद करावा लागला आणि ठिकठिकाणचे समारंभ रद्द झाले. त्या वणव्याचे खापर मी कोणाच्या मंगालवर फोडीत नाही. परंतु तसा वारा सुटला असताना ठिणगी कोठवर जाईल हे कोणाच्याच हाती नसते, आणि अशा दिवशी मांस घरातील भट्टीत भाजले म्हणून सणाची गोडी कमी होत नाही.

पेटलेल्या शेगडीशी वागण्याच्या दोनच गोष्टी सांगतो. झरोके बंद करून निखारे मंद ठेवलेले असताना झाकण एकदम उघडू नये. आत हवेची उपासमार झालेली असते. झाकण उघडताच हवा आत धावते आणि ज्वाळेचा लोळ उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. भुवया जाणे ही त्यातली सर्वांत स्वस्त शिक्षा. आधी झरोके उघडावेत, मग झाकण दोन-तीन बोटे उचलून काही क्षण थांबावे, पुन्हा टेकवावे, पुन्हा तसेच करावे आणि मग सावकाश पूर्ण उघडावे; चेहरा बाजूला, बाह्या आवरलेल्या. दुसरी गोष्ट, तापलेल्या मातीवर पाणी ओतू नये. माती तडकते आणि वाफेने हात भाजतो. विस्तव शमवावयाचा तर झाकण लावून दोन्ही झरोके बंद करावेत. हवेवाचून तो आपोआप विझतो.

येथे या देशातील आणखी एक वास्तव लिहिणे भाग आहे. भोंगा वाजला तर शेगडीपाशी रेंगाळू नये. हातात झाकण असेल तर ते खाली येऊ द्यावे आणि निघावे. झरोके, मांस, चिमटे सर्व तसेच राहू द्यावे. पाया भक्कम आणि खटके लावलेले असतील तर आपण आश्रयाच्या खोलीत असताना शेगडी आपल्या जागी उभी राहील. धावपळीत मुलांचा धक्का लागूनही ती कलंडू नये इतका भक्कमपणा आपणांस हवा आहे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व वसंतात, पाना घेऊन नटबोल्ट तपासावेत. घुमट आणि खालचे भांडे यांना लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले असते. ताप-थंडीच्या फेऱ्यांनी पट्टे सैल पडतात, आणि सैल पट्ट्यातून घुमट निसटून पडल्याची उदाहरणे आहेत. बिजागरीच्या स्प्रिंगला मात्र पुस्तिका वाचल्याशिवाय हात लावू नये, तिच्यात मोठा ताण असतो. मातीत केसासारखी बारीक रेघ दिसली तर घाबरू नये, झिलईवर अशा रेघा पडतात. बोटाच्या नखाला लागणारी, आरपार गेलेली चीर दिसली तर शेगडी वापरू नये. चाकांचे खटके हिवाळ्याच्या पावसाने गंजतात, त्यांवर तेलाचा थेंब सोडावा.

राहिली राख. पत्र्याची शेगडी थोड्याच वेळात निवते. ही जाड मातीची शेगडी विझल्यावरही कित्येक तास गरम असते, आणि राखेखाली दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत सापडतो. पाहुणे गेले, खुर्च्या आवरल्या, आणि नातवंडे अंगणात राहिली, ती वेळ सांभाळावी. झाकण बंद दिसले म्हणून ते थंड आहे असे मुलांना वाटते. राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढावी आणि बादली चौथऱ्यावरच ठेवावी. पालिकेच्या प्लास्टिकच्या कचरापेटीत ताजी राख टाकू नये. कोकणातल्या आंबट लाल मातीत राख झाडांना मानवत असे, म्हणून येथेही ती कुंड्यांत घालण्याची आपल्या भगिनींना सवय आहे. पण या देशातील बहुतेक मातीत चुना आधीच भरपूर आहे, तेव्हा लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या कुंडीला तरी ती घालू नये.